मोडलेले बँड पुन्हा का जुळतात? ‘गँग ऑफ फोर’चा हिशेब

दर दोन-तीन महिन्यांनी एखादी बातमी येतेच: अमुक बँड इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र, दौऱ्याच्या तारखा जाहीर. ऑगस्ट २०२४मध्ये ‘ओएसिस’च्या गॅलाघर बंधूंनी पंधरा वर्षांचा अबोला सोडला. लोक ऑनलाइन रांगेत उभे असतानाच तिकिटांचे दर चढत गेले आणि ब्रिटनभर ओरड झाली. पुढच्याच महिन्यात नवी मुंबईतल्या ‘कोल्डप्ले’च्या तिकिटांसाठी आपल्याकडचेही लोक तासन्‌तास ताटकळले, त्यामुळे तिकिटाचा भाव हा विषय आता आपल्यालाही परका नाही. जुना बँड परत आला म्हटल्यावर घरोघरी एकच शेरा ऐकू येतो: ‘पैसे संपले असतील.’

ओएसिसच्या बाबतीत हा शेरा चालून जाईल. पण ज्या बँडची सर्वांत नावाजलेली तबकडी ब्रिटनच्या खपाच्या यादीत ४५व्या क्रमांकाच्या पुढे सरकली नाही, ज्यांना मुळात कधी पैसे मिळालेच नाहीत, त्यांचे कुठले संपणार? आणि तरीही असे बँड वीस-पंचवीस वर्षांनी परत येतात, पहिल्यापेक्षा मोठ्या सभागृहांत वाजवतात. हे कोडं उलगडायला मी लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’चं उदाहरण घेतो. एक तर हा बँड माझा लाडका आहे. शिवाय जमणं, फुटणं, पुन्हा जमणं, नावावर एकट्यानेच हक्क सांगणं आणि शेवटी निरोपाचा दौरा, असे सगळे प्रकार त्यांनी करून पाहिले आहेत.

आधी ‘पोस्ट-पंक’ म्हणजे काय ते

१९७६-७७मध्ये इंग्लंडात पंक संगीताची लाट आली. गिटारचे तीन कॉर्ड, भन्नाट वेग, भरपूर राग. वाजवता येत नसलं तरी चालेल, स्टेजवर चढा, असा एकूण मामला. दोन वर्षांत त्या बंडाचाही गणवेश झाला: तीच फाटकी जाकिटं, तोच वेग, तोच आरडाओरडा. तेव्हा काही मंडळींनी पंकची हिंमत तेवढी ठेवली आणि साचा टाकून दिला. अमेरिकन काळ्या संगीतातला फंकचा नाचरा ठेका घेतला, जमैकन ‘डब’मधून बेस गिटार पुढे आणण्याची आणि मधे मोकळी जागा सोडण्याची युक्ती उचलली. पंकनंतरचं म्हणून हे पोस्ट-पंक. वाद्यं तीच, मानपान उलटे.

उलटे म्हणजे कसे? रॉक बँडमध्ये गिटारवाला मुख्य गवई आणि ड्रम-बेसवाले त्याचे साथीदार, अशी सर्वसाधारण व्यवस्था. गँग ऑफ फोरमध्ये तबलजीने ख्याल गावा आणि गवयाने ठेका धरावा तसं घडतं. ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम आणि डेव्ह अ‍ॅलनचा बेस गाणं ओढत नेतात, आणि अँडी गिलची गिटार मधूनच एखादा ओरखडा काढते नि गप्प बसते. गिलला गिटारचे लांबलचक एकल आलाप मान्यच नव्हते. इतरांचे आलाप जिथे येतात तिथे तो चक्क थांबायचा. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटार वाजली की आवाज तुपात परतल्यासारखा येतो. गिलने मुद्दाम ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प वापरला, त्यामुळे त्याचा आवाज कोरडा, भाजलेला, दाताखाली खडा यावा तसा.

लीड्सची चौकडी

गायक जॉन किंग आणि अँडी गिल शाळेपासूनचे मित्र. दोघेही लीड्स विद्यापीठात चित्रकला शिकायला आले. बर्नहॅमही तिथलाच विद्यार्थी. बेस वाजवायला माणूस हवा अशी जाहिरात दिली, ती वाचून उत्तरेकडच्या केंडलहून अ‍ॅलन आला. नाव चीनच्या बातम्यांतून उचललं: ऑक्टोबर १९७६मध्ये माओची पत्नी च्यांग छिंग आणि तिच्या तीन साथीदारांना अटक झाली, त्या चौकडीला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘गँग ऑफ फोर’ म्हणत.

त्या काळचं लीड्स म्हणजे कारखान्यांची उतरती कळा, बेकारी, आणि नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची गुंडगिरी. गाण्याच्या कार्यक्रमांतही हाणामाऱ्या होत. दुसरीकडे विद्यापीठाच्या कला विभागात टी. जे. क्लार्कसारखा इतिहासकार शिकवत होता आणि चित्रामागे पैसा कोणाचा, सत्ता कोणाची हे प्रश्न वर्गात चर्चिले जात. या दोन्हींच्या मधोमध ही गाणी जन्मली. आपण जे विकत घेतो, टीव्हीवर जे पाहतो, प्रेम म्हणून जे करतो, ते सगळं आपल्याला इतकं नैसर्गिक का वाटतं, असं ही गाणी विचारतात. शिवाय नाचायला लावतात. पहिलं बौद्धिकात बसवायला सोपं आहे, दुसरं फार कमी लोकांना साधलं.

१९७८मध्ये एडिनबराच्या ‘फास्ट प्रॉडक्ट’ या चिमुकल्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. मग त्यांनी ईएमआय या अजस्र कंपनीशी करार केला आणि सप्टेंबर १९७९मध्ये ‘एंटरटेनमेंट!’ हा पहिला अल्बम आला. त्याच्या लाल मुखपृष्ठावर हसत हस्तांदोलन करणाऱ्या काउबॉय आणि ‘इंडियन’ची तीन चित्रं आहेत, शेजारच्या मजकुराचा आशय असा: इंडियनला वाटतंय काउबॉय आपला मित्र आहे, इंडियन फसला म्हणून काउबॉय खूश आहे. हा इंडियन म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, आपण नव्हे. पण ईस्ट इंडिया कंपनीशी हस्तांदोलन केलेल्यांच्या वंशजांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात झळकायची संधी आली. त्या काळी तिथे दिसणं म्हणजे घराघरात पोचणं. बीबीसीला गाण्यातला कंडोमसाठीचा बोलीतला शब्द खटकला. बँडने एक पर्याय दिला, बीबीसीला तोही नको होता, त्यांनी आपला शब्द पुढे केला. चौघे उठून निघून गेले. ते गाणं ५८व्या क्रमांकावरच राहिलं. पुढे १९८२मध्ये फॉकलंड युद्ध सुरू असताना त्यांचं सैनिकी गणवेशावरचं गाणं बीबीसीने वाजवायचं बंद केलं, तेव्हा दुसऱ्यांदा तोंडचा घास गेला. १९८१मध्येच अ‍ॅलन बाहेर पडला होता, १९८३मध्ये बर्नहॅमला निरोप मिळाला आणि १९८४पर्यंत सगळं आटोपलं.

प्रभाव पोटाला का मिळत नाही

‘प्रभावशाली बँड’ हे बिरुद मला नेहमी जरा करुण वाटतं. बहुतेक वेळा त्याचा व्यवहारातला अर्थ असा असतो की यांचं पाहून दुसऱ्यांनी पैसे केले.

‘रेड हॉट चिली पेपर्स’ना हा आवाज इतका हवा होता की १९८४च्या पहिल्या अल्बमसाठी त्यांनी निर्माता म्हणून अँडी गिललाच बोलावलं. ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने ‘एंटरटेनमेंट!’ आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत लिहून ठेवला होता. ‘आर.ई.एम.’ सुरुवातीच्या दिवसांत यांच्या आधी स्टेजवर वाजवायचे. २००४मध्ये ‘फ्रान्झ फर्डिनंड’ हा ग्लासगोचा बँड त्याच कोरड्या गिटारवर आणि नाचऱ्या ठेक्यावर ब्रिटनचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार घेऊन गेला, लगोलग लंडनचा ‘ब्लॉक पार्टी’ आला. नव्या पोरांच्या प्रत्येक मुलाखतीत गँग ऑफ फोरचं नाव.

यातला एक छदामही चौकडीला मिळण्याचं कारण नव्हतं. कायदा गाण्याला संरक्षण देतो, शैलीला नाही. समजा, एखाद्याने आपल्या टपरीवर मिसळीचा अगदी नवा प्रकार काढला: रस्सा वेगळ्या वाटीत, फरसाणाऐवजी दुसरंच काही. दहा वर्षांत शहरात तशा पन्नास मिसळी झाल्या. कोणी त्याच्या पाटीची नक्कल केली तर तो भांडू शकेल, पण रस्सा वेगळ्या वाटीत का देता म्हणून कोर्टात जाता येणार नाही. आणि ते बरंच आहे, कारण स्वतः गँग ऑफ फोरनेही फंक आणि डबमधून उसनवारी केलेलीच होती.

मग त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचं काय? ती तर विकली जात होती, पंचवीस वर्षं.

उचल

इथे दोन-तीन संज्ञा समजून घ्याव्या लागतील, पण मराठी वाचकाला त्या जड जाऊ नयेत. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मजूर जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. मग हंगामभर जितके टन ऊस तोडला जाईल त्याच्या मजुरीतून ती उचल वळती होते. फिटली तर वरचे पैसे हातात, नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर.

रेकॉर्ड कंपनीचा अ‍ॅडव्हान्स म्हणजे हीच उचल. बँडला सुरुवातीला ठोक रक्कम मिळते. पुढे प्रत्येक तबकडीमागे बँडचा जो वाटा ठरलेला असतो, त्याला रॉयल्टी म्हणतात, तो बँडच्या हातात न येता आधी उचलीपोटी वळता होतो. स्टुडिओचं भाडं आणि असेच बरेच खर्च सहसा याच खात्यात चढतात.

आकडे मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यापुरते. उचल १ लाख रुपये, तबकडीची किंमत १०० रुपये, बँडचा वाटा १० टक्के. म्हणजे एका तबकडीमागे बँडच्या खात्यात १० रुपये. उचल फिटायला १०,००० तबकड्या विकल्या गेल्या पाहिजेत. तोवर एकूण विक्री झाली १० लाखांची. दुकानदाराचं, छपाईचं, जाहिरातीचं वजा करूनही कंपनी बहुधा केव्हाच फायद्यात गेलेली असते, आणि बँड मात्र आपल्या १० टक्क्यांतून अजून उचल फेडतच असतो. त्याच काळात दुसऱ्या अल्बमसाठी दुसरी उचल घेतलेली असते, ती त्याच खात्यावर चढते. कंपनीला फायदा झालेला असूनही बँड कागदोपत्री कर्जात, ही स्थिती या धंद्यात अगदी सर्रास असते.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगितलं पाहिजे. बँडची उचल फिटली नाही तर कंपनी वसुलीला त्यांच्या दारात येत नाही. मजुराच्या दारात मुकादम येतो. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मजुराची उचल फिटली की तो मोकळा. बँडची फिटली तरी ध्वनिमुद्रण कंपनीचंच राहतं. घराचं कर्ज फेडून झाल्यावरही घर बँकेच्याच नावावर, तसा प्रकार.

अँडी गिलने २००५च्या सुमारास जाहीरपणे सांगितलं होतं की ईएमआयकडून तबकड्यांच्या विक्रीचे पैसे त्यांना कधीच मिळाले नाहीत, जुनी उचल अजूनही फिटलेली नाही. ज्या अल्बमचं नाव निम्म्या संगीतविश्वाच्या तोंडी, त्याच्या कर्त्यांची ही कथा.

पाककृती आणि बरणी

पुढची गंमत समजायला एका गाण्याचे दोन मालक असतात हे लक्षात घ्या. आजीच्या लोणच्याची पाककृती ही एक चीज आणि अमुक साली घातलेल्या लोणच्याची बरणी ही दुसरी. शब्द आणि चाल म्हणजे पाककृती. तिचे हक्क लिहिणाऱ्याचे, आणि त्यांची व्यवस्था पाहणारा धंदा वेगळा, त्याला पब्लिशिंग म्हणतात. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण म्हणजे बरणी. मूळ टेपवरून त्याला मास्टर म्हणतात, आणि ती उचल देणाऱ्या कंपनीच्या फडताळात.

चित्रपटवाल्याला किंवा जाहिरातवाल्याला गाणं वापरायचं असेल तर दोघांची परवानगी लागते, दोघांना पैसे द्यावे लागतात. (आपल्याकडे या पहिल्या वाट्यासाठी गीतकार-संगीतकारांना केवढं झगडावं लागलं हे अनेकांना आठवत असेल, २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने तो वाटा त्यांना सहजासहजी सोडून देता येणार नाही, अशी तजवीज केली.)

बरणी कंपनीची असली तरी पाककृती आजीचीच आहे. मग आजीने नवी बरणी घातली तर?

२००४ साली चौघं पुन्हा एकत्र आल्याचं जाहीर झालं आणि २००५मध्ये किंग, गिल, अ‍ॅलन, बर्नहॅम असा मूळ संच चोवीस वर्षांनी दौऱ्यावर निघाला. कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवातही त्यांनी वाजवलं. पण दौऱ्याच्या बरोबरीने त्यांनी आणखी एक उद्योग केला: जुन्या गाण्यांपैकी चौदा गाणी स्टुडिओत नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि ‘रिटर्न द गिफ्ट’ या नावाने बाजारात आणली. हे त्यांच्याच एका जुन्या गाण्याचं नाव, अर्थ साधारण ‘भेटवस्तू परत करा’. टोमणा कोणाला, हे सांगायला नको. लोकांचं नव्याने लक्ष गेलं आहे तर त्याचा लाभ फडताळातल्या बरणीला कशाला, ही नवी बरणी घ्या.

समीक्षकांना तेव्हा हे फारसं रुचलं नाही. जुनं इतकं चांगलं असताना पुन्हा का, असा सूर होता. सोळा वर्षांनी, २०२१पासून, टेलर स्विफ्टने आपले जुने अल्बम असेच एकेक करून नव्याने गायले, तेव्हा मात्र हीच युक्ती जगाला धाडसी वाटली. तिच्यामागे कोट्यवधी चाहते होते आणि त्यांनी जुनी बरणी सोडून नवी उचलली. गँग ऑफ फोरच्या बाबतीत कबूल करायला हवं की ऐकणारे आजही १९७९कडेच वळतात. मीही. नवी ध्वनिमुद्रणं भारदस्त आहेत, ड्रम छातीत वाजतात, पण पहिल्या अल्बममधली ती कोरडी, काहीशी कंजूष खोली त्यात नाही.

मग दौराच का?

नाटकवाल्यांना हे एका वाक्यात कळेल: दौऱ्यात नाईट मिळते. प्रयोग केला, त्या रात्रीचे पैसे. त्यावर १९७९ची उचल वळती होत नाही, कारण ईएमआयच्या जुन्या कराराचा हात तबकडीपर्यंत पोचतो, आज रात्रीच्या घामापर्यंत नाही. (नव्या बँडांशी हल्ली कंपन्या असे करार करतात की दौरा, टी-शर्ट, सगळ्यातच वाटा. ती गोष्ट अलीकडची.)

स्टेजवरची जिवंत गाणी ही असल्या बँडच्या मालकीची जवळजवळ एकमेव चीज उरते. तबकड्यांची विक्री आटली. स्ट्रीमिंगवर एका वेळच्या ऐकण्याला पैशाच्या अंशात मोबदला, आणि तोही आधी बरणीच्या मालकाकडे. २०२४पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही.

अर्थात नाईट म्हणजे सगळा नफा नव्हे. आयोजक हमीची रक्कम देतो, त्यातून दलाल, व्यवस्थापक, ध्वनी-प्रकाशवाले, गाडी, हॉटेल आणि व्हिसा निघतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश बँडना युरोपात जाताना वाद्यांचे कागद, सामान नेणाऱ्या ट्रकच्या थांब्यांवर मर्यादा अशी नवी कटकट लागली. टी-शर्टच्या विक्रीतही पुष्कळ सभागृहं वाटा मागतात. हिशेब जुळायचा तर एकाच वेळी बऱ्याच लोकांना बँड ऐकावासा वाटला पाहिजे, आणि तो क्षण बँडला ठरवता येत नाही. २००४मध्ये फ्रान्झ फर्डिनंडने तो आयता आणून दिला. ज्यांच्या प्रभावातून एक पैसा मिळाला नव्हता, त्या प्रभावाची वसुली अशी आडवाटेने झाली.

‘भांडवलशाहीवर टीका करणाऱ्यांनी तिकिटं विकावीत?’

हा आक्षेप त्यांना १९७९पासून ऐकावा लागला. तेव्हा ईएमआय संरक्षणासाठीची इलेक्ट्रॉनिक सामग्रीही बनवत असे, आणि डाव्या विचारांचा बँड तिच्याशी करार करतो म्हणजे काय, असं समविचारीच विचारत. बँडचं म्हणणं साधारण असं की बाजाराच्या बाहेर उभं राहून बाजाराबद्दल बोलायला जागाच नाही. आम्हीही त्यातच आहोत, गाणी त्याबद्दलच आहेत. अल्बमचं नावच ‘मनोरंजन!’, उद्गारचिन्हासकट.

मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं, पण सोयीचंही वाटतं. त्याला अंत नाही. २०१०मध्ये त्यांचं एक गाणं मायक्रोसॉफ्टच्या खेळयंत्राच्या जाहिरातीत वाजलं. गाणं कशाबद्दल? फावल्या वेळाचा आणि मौजमजेचाही माल कसा होतो याबद्दल. याला उपरोध म्हणावं की शरणागती, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. मी दोन्ही बाजूंनी वाद घालून दमलो आहे. डेव्ह अ‍ॅलनने तर पुढे बीट्स म्युझिक या स्ट्रीमिंग कंपनीत आणि अ‍ॅपलमध्ये नोकरी केली, तीही संगीतकारांशी संबंध राखण्याची.

पण तिकिटं विकण्यावरचा आक्षेप मला यातला सर्वांत लेचापेचा वाटतो. स्वतः वाजवून त्याची मजुरी घेणं कुठल्या डाव्या विचारात बसत नाही? उलट आपल्या श्रमाची मजुरी थेट आपल्या हातात, मधे उचल नाही, असा त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच व्यवहार होता. तिकीट तुम्हाला महाग वाटत असेल तर तो वेगळा मुद्दा.

‘हे तर नुसतं आठवणींचं दुकान’

काही पुनर्मीलनं तशी असतातच. लोक आपली विशी पाहायला येतात, स्टेजवर कोण आहे याच्याशी त्यांना फार घेणं नसतं.

इथे थोडं वेगळं होतं. २००५मध्ये ज्या विशीतल्या मुलामुलींनी आधी ब्लॉक पार्टी ऐकला आणि मग उलट वाटेने गँग ऑफ फोरपर्यंत आले, त्यांच्याकडे १९७९ची आठवण नव्हतीच. त्यांच्या लेखी हा नवाच बँड. आणि चौघेही पन्नाशीच्या आसपास असून अंग चोरत नव्हते. एका गाण्यात किंग बेसबॉलची बॅट घेऊन मायक्रोवेव्ह ओव्हन बडवून काढतो, ठेक्यात, तालवाद्य म्हणून. घरगुती उपकरणाचा असा उपयोग पाहिल्यावर त्यांच्या गाण्यांवरची भली मोठी पुस्तकं वाचायची गरज पडत नाही.

‘मूळ माणसंच नाहीत, तर तोच बँड कसा?’

या प्रश्नाला मराठी रंगभूमीने जाहिरातीतच उत्तर देऊन ठेवलं आहे: ‘नव्या संचात’. नाटक तेच, नट वेगळे. तिकीट काढणाऱ्याला आधी सांगितलं म्हणजे झालं. अडचण एवढीच की नाटकात संहिता लेखकाची असते आणि संच बदलेल हे गृहीत असतं. बँडमध्ये नट आणि लेखक एकच. गिलचा तो ओरखडा कुठल्याही स्वरलिपीत पूर्ण उतरत नाही.

आणि नावाचा प्रश्न निराळाच असतो. शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण यांपलीकडे बँडचं नाव ही तिसरी मालमत्ता, आणि जुने मित्र कोर्टात भेटतात ते बहुधा तिच्यासाठी. गँग ऑफ फोरचं पाहा. २००८मध्ये अ‍ॅलन आणि बर्नहॅम पुन्हा दूर झालेले होते. २०११मध्ये किंग आणि गिलने नवा अल्बम काढला, त्यानंतर किंगही निघाला. २०१२पासून अँडी गिल तरुण साथीदार घेऊन तेच नाव चालवत राहिला. चौकडीतला एकच. गायक नवा, बेस नवा, ड्रम नवे. काहींनी नाकं मुरडली. गिलचं नाव घेऊन इतकंच म्हणेन की तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. १ फेब्रुवारी २०२० रोजी, ६४व्या वर्षी तो गेला.

त्यानंतर उलटं झालं. किंग आणि बर्नहॅम परतले. २०२२च्या दौऱ्यात बेसवर सारा ली होती, जी अ‍ॅलन बाहेर पडल्यानंतर बँडमध्ये आली होती. गिटारवर ‘स्लिंट’ या अमेरिकन बँडचा डेव्हिड पाहो. २०२५मध्ये ‘द लाँग गुडबाय’ नावाने निरोपाचा दौरा ठरला: गिटारवर टेड लिओ, बेसवर गेल ग्रीनवुड, आणि ‘एंटरटेनमेंट!’ पहिल्यापासून शेवटपर्यंत. बर्नहॅम तोवर मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉलेजात संगीत-व्यवसाय शिकवणारा प्राध्यापक झालेला. उचल म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून लायक माणूस मिळणं कठीण.

दौरा निघण्याच्या तोंडावर, ५ एप्रिल २०२५ रोजी, डेव्ह अ‍ॅलनही गेला. त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला होता. दौरा ठरल्याप्रमाणे झाला.

यातला कुठला संच ‘खरा’? मी कसोटी म्हणून एवढंच विचारतो: नाव लावणाऱ्यांपैकी कोणी ती गाणी घडवताना त्या खोलीत होतं का, आणि खोलीतले उरलेले त्यावर नाराज आहेत का? पहिल्याचं उत्तर तिन्ही काळांत ‘होय’ येतं. दुसऱ्याचं उत्तर काळानुसार बदलत गेलं, जसं कुठल्याही भाऊबंदकीत बदलतं.

न परतणारे

सगळेच परतत नाहीत. त्याच पिढीच्या न्यूयॉर्कमधल्या ‘टॉकिंग हेड्स’चे चौघं २०२३मध्ये, आपल्या जुन्या मैफलपटाच्या पुनःप्रदर्शनानिमित्त, टोरंटोत एका मंचावर बसले. बोलले, हसले. त्यानंतर मोजक्या कार्यक्रमांसाठी ८ कोटी डॉलरचा प्रस्ताव त्यांनी नाकारल्याची बातमी ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या नियतकालिकाने दिली. त्यांचे अल्बम खपले होते, गायक डेव्हिड बर्नचं स्वतंत्र काम जोरात चाललं आहे. ज्याला नाईटची गरज नाही त्याला नकार परवडतो. नकार देणारा तत्त्वनिष्ठ आणि होकार देणारा लोभी, अशी वाटणी करण्याआधी दोघांची पासबुकं शेजारीशेजारी ठेवून पाहिलेली बरी.

ऐकायचं कुठून?

‘एंटरटेनमेंट!’चं शेवटचं गाणं, ‘अँथ्रॅक्स’, हेडफोन लावून ऐका; मोबाइलच्या स्पीकरवर नको. सुरुवातीला बराच वेळ गिलची गिटार नुसती कण्हत, किंचाळत राहते. मग ठेका सुरू होतो. त्यानंतर एका कानात जॉन किंग गातो, आणि त्याच वेळी दुसऱ्या कानात अँडी गिल सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तसा, लोक इतकी प्रेमगीतं का लिहितात यावर बोलत असतो. दोघं एकमेकांसाठी थांबत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना कोणाकडे लक्ष द्यावं कळत नाही. दुसऱ्यांदा एका बाजूचा हेडफोन काढा, तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूचा.